पोटाच्या वरच्या तोंडाचा कॅन्सर : चाकूला नव्हे, उशिराला भ्या



गेल्या महिन्यात विहारातील वंदना आटोपल्यावर एक भगिनी बाजूला येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत रिपोर्टांची भेंडोळी. म्हणाली, "भाऊ, डॉक्टर म्हणतात, जठर पूर्ण काढावं लागेल. पोटच काढलं तर माणूस जेवणार कुठं आणि जगणार कसा? घरचे सगळे नको म्हणतायत." तिच्या नवऱ्याला जठराच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे अन्ननलिका जठरात उतरते तिथे, कॅन्सर निघाला आहे.

मी तिला उत्तर दिले नाही. तिला घेऊन सरळ आमच्या गल्लीतल्या तात्यांच्या घरी गेलो. तात्या ओट्यावर बसून वरणात भाकरी कुस्करून खात होते. मी म्हटले, "ताई, या तात्यांना जठर नाही. तीन वर्षे होत आली."

त्या ताईच्या मनातली भीती आपल्या अनेक घरांत आहे. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. मी डॉक्टर नाही, कारकून माणूस आहे. परंतु वस्तीतल्या रुग्णांचे कागद घेऊन हॉस्पिटलच्या खिडक्यांपुढे उभे राहण्यात बरीच वर्षे गेली. डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतले, ते आपल्या भाषेत मांडतो. उपचाराचा निर्णय मात्र आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

पित्त म्हणून अंगावर काढू नका

तात्या मार्केट यार्डात हमाल होते. 2022 सालच्या दिवाळीत ते मला म्हणाले, "भाऊ, भाकरीचा घास छातीच्या खाली अडकतो. पाणी प्यालो की उतरतो." मी शहाणपणा केला. पित्त असेल, असे म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्यांची पट्टी मीच मेडिकलमधून आणून दिली. जळजळ थांबली. आम्ही दोघेही खूश झालो. पण त्या गोळ्यांनी आम्ल कमी होते, जखमेची आग थांबते आणि आत गाठ वाढतच राहते. जानेवारी उजाडेपर्यंत तात्यांना भातही उतरेना. सदरा अंगावर लोंबू लागला. तेव्हा कुठे आम्ही एन्डोस्कोपी केली. ते अडीच महिने माझ्या खात्यावर आहेत. म्हणून हे लिहिताना माझा हात जड होतो.

घास अडकणे ही खूण कधीही साधी समजू नका. आधी भाकरी किंवा मटणाचा तुकडा अडकतो, मग भात आणि शेवटी पाणीसुद्धा. त्याबरोबर वजन उतरणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, वारंवार उलटी होणे, शौचाला डांबरासारखी काळी होणे, कारण नसताना रक्त कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळ्या बदलत बसू नका. तोंडातून दुर्बीण घालून आत पाहण्याची तपासणी, म्हणजे एन्डोस्कोपी, लगेच करून घ्या. तिला काही मिनिटे लागतात. संशय वाटला तर तिथेच लहान लहान तुकडे घेऊन ते बायोप्सीला पाठवतात.

जठराच्या खालच्या भागाचा कॅन्सर बहुतांशी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूशी जोडलेला असतो. हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन या ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले. वरच्या टोकाच्या कॅन्सरला मात्र बिडी-सिगारेट, लठ्ठपणा आणि वर्षानुवर्षे आम्ल वर येत राहणे ही कारणेही मोठी आहेत. पाचवे शील केवळ वंदनेत म्हणण्यासाठी नाही. दारूबरोबर बिडीही सोडली, तर ते शील आपल्या पोटालाही राखील.

ऑपरेशनपूर्वी काय पाहतात?

"गाठ आहे ना, मग लगेच कापून टाका," असे घरच्यांना वाटते. डॉक्टर तपासण्या लावतात तेव्हा ते वेळ काढतात, असा आपला समज होतो. पण आधी रोग कुठवर गेला ते पाहावे लागते. सीटी स्कॅनमध्ये यकृत, फुप्फुसे आणि आजूबाजूच्या गाठी दिसतात. पोटाच्या आतल्या आवरणावर रोगाचे बारीक कण पसरलेले असले तर ते स्कॅनमध्ये चुकू शकतात. म्हणून अनेकदा पोटाला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहतात. रोग तिथवर गेला नसेल तरच मोठे ऑपरेशन करण्यात अर्थ असतो.

रोग जठराच्या भिंतीत खोल गेला असेल किंवा जवळच्या गाठींत उतरला असेल, तर आज बहुतेक ठिकाणी आधी किमो देतात, मग ऑपरेशन करतात आणि नंतर पुन्हा किमो देतात. चार औषधे मिळून दिली जाणारी एक पद्धत आहे. तिची दर पंधरा दिवसांनी एक अशी चार चक्रे आधी आणि चार नंतर असतात. आधीच्या किमोने गाठ आकसते आणि रक्तातून निसटलेल्या पेशींनाही मार बसतो. या काळात रुग्णाला अंडी, डाळ, मासे खायला घालून वजन सावरायचे असते. घास उतरत नसेल तर नळीवाटे अन्न देतात. उपाशी शरीराला मोठे ऑपरेशन सोसत नाही.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

गाठ वरच्या टोकाला असली की सर्जनपुढे पेच असतो. कापायची रेषा गाठीपासून दूर, निरोगी भागात जावी लागते. त्यामुळे वर अन्ननलिकेचा काही भाग घ्यावा लागतो. खालचे अर्धे जठर तसेच ठेवून थेट अन्ननलिकेला जोडले, तर मधली झडप गेल्याने आम्ल सतत घशाशी येते. म्हणून बहुधा पूर्ण जठर काढतात. मग लहान आतड्याचा वळसा वर ओढून तो अन्ननलिकेच्या टोकाला शिवतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येणारे आतडे बरेच खाली जोडतात, म्हणजे पित्त वर चढत नाही. रोग अगदी सुरुवातीचा असेल तर काही ठिकाणी फक्त वरचा भाग काढून मध्ये आतड्याचा तुकडा बसवतात. जपान आणि कोरियात हे बरेच होते. रोग अन्ननलिकेत वर चढलेला असेल तर छातीतूनही ऑपरेशन करावे लागते. उरलेल्या जठराची नळी करून ती वर ओढून घेतात. कोणत्या रुग्णाला कोणते ऑपरेशन, हे गाठीचे केंद्र नेमके कुठे आहे त्यावर ठरते.

जठराबरोबर त्याच्या भोवतीच्या आणि रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथीही काढतात. त्यांनाच डॉक्टर बोलताना गाठी म्हणतात. रोग प्रथम त्यांच्यात उतरतो. रिपोर्टमध्ये "इतक्यांपैकी इतक्या गाठींत रोग" असे लिहिलेले असते. निदान 15-16 गाठी तपासलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. तात्यांच्या 24 गाठी तपासल्या. त्यांपैकी 3 गाठींत रोग निघाला.

धोका नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. सर्वांत मोठी भीती नव्या जोडाची असते. तिथे शिवण सुटली तर आतला रस बाहेर झिरपतो आणि ताप चढतो. म्हणून पहिला आठवडा डोळ्यांत तेल घालून काढावा लागतो. सरावाच्या ठिकाणीसुद्धा पूर्ण जठर काढलेल्या शंभरांपैकी साधारण दोन ते पाच रुग्ण या ऑपरेशनच्या आघाताने दगावू शकतात. सराव नसलेल्या ठिकाणी हे प्रमाण वाढते. म्हणून "तुमच्याकडे अशी ऑपरेशने वर्षाला किती होतात?" हे विचारायला लाजू नका.

चाकू लागला की कॅन्सर भडकतो?

तात्यांच्या घरी बैठक बसली होती. त्यांचे थोरले बंधू म्हणाले, "चाकू लागला, हवा लागली की कॅन्सर भडकतो. आमच्या गावात एकाला नुसतं उघडून शिवलं, दोन महिन्यांत गेला." त्यांनी एका बाबाचा पत्ताही आणला होता. तो बाबा राख आणि काढा देत असे.

आबांनी पाहिले ते खोटे नव्हते, त्याचा अर्थ चुकला होता. पूर्वी आतला रोग बाहेरून कळण्याची साधने कमी होती. पोट उघडल्यावर रोग सर्वत्र पसरलेला दिसे. सर्जन काही न काढता पोट शिवून टाकत. रुग्ण पसरलेल्या रोगाने जाई आणि आळ चाकूवर येई. हवेने कॅन्सर पसरत नाही. तो पसरतो वेळेने.

मग मी आबांना जीवकाची गोष्ट सांगितली. विनयपिटकाच्या महावग्गात ती आहे. राजगृहाच्या गणिकेच्या पोटी जन्मलेले आणि उकिरड्यावर टाकून दिलेले ते मूल अभय राजकुमाराने वाढवले. मोठेपणी तो तक्षशिलेला गेला, सात वर्षे वैद्यक शिकला आणि बिंबिसार राजाचा व भगवान बुद्धांच्या संघाचा वैद्य झाला. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला पीळ पडला होता. त्याला पेजही पचत नव्हती आणि तो पिवळा पडून सुकत चालला होता. जीवकाने त्याला खांबाला बांधले, पोट चिरले, पीळ त्याच्या पत्नीला दाखवला, तो सोडवून आतडे आत ठेवले, पोट शिवले आणि मलम लावले. मुलगा बरा झाला. ज्या धम्माच्या ग्रंथात पोटाच्या शस्त्रक्रियेची कथा जपली आहे, त्या धम्माच्या लोकांनी चाकूला भिऊन बाबाची राख खावी, हे शोभत नाही. आबा गप्प बसले. सकाळी तेच आमच्याबरोबर हॉस्पिटलला आले.

आधुनिक काळात 1881 साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी कॅन्सरसाठी जठराचा भाग काढण्याचे पहिले यशस्वी ऑपरेशन केले. 1897 साली झुरिच येथे श्लाटर यांनी पूर्ण जठर काढलेली रुग्ण वर्षाहून अधिक काळ जगली. जठराशिवाय माणूस जगतो, हे कळून आता सव्वाशे वर्षे उलटली.

आशा किती?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. रोग किती खोल गेला, किती गाठींत गेला आणि पूर्ण निघाला का, यावर सारे अवलंबून असते. रोग आतल्या पातळ थरापुरताच असताना सापडला, तर शंभरांतले नव्वदाहून अधिक रुग्ण पाच वर्षांपलीकडे जातात. जपानने तपासण्या करून हे दाखवून दिले. आपल्याकडे मात्र बहुतेक रुग्ण घास अडकल्यावरच येतात. तोवर रोग खोल गेलेला असतो.

अशा, पण ऑपरेशन होऊ शकणाऱ्या रुग्णांचे आकडे पाहा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात केवळ ऑपरेशन झालेल्या शंभरांपैकी 23 रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. आधी आणि नंतर किमो घेतलेल्यांत हा आकडा 36 होता. 2019 सालच्या जर्मन अभ्यासात वर सांगितलेल्या चार औषधांच्या पद्धतीने तो 45 वर गेला. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच किमोला प्रतिकारशक्ती जागवणारे औषध जोडल्यावर रोग परतण्याचे प्रमाण आणखी घटले. पण ते औषध अजून फार महाग आहे.

मी हिशेब लिहिणारा माणूस. 23 चे 45 झाले, म्हणजे आशा जवळपास दुप्पट झाली. पण निम्म्याहून अधिक लोकांना अजूनही हा रोग नेतो, हेही त्याच ताळेबंदात आहे. रोग परतलाच तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. म्हणून या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवणे चुकवू नये. पाच वर्षे नीट गेली की बहुतेक धोका टळला असे मानतात. तात्यांच्या डॉक्टरांनी हमी दिली नाही. ते म्हणाले, "संधी आहे, ती घेऊ या." मला हे उत्तर प्रामाणिक वाटले.

जठराशिवाय संसार

जठर हे अन्नाचे कोठार. कोठार गेले तरी गिरणी, म्हणजे लहान आतडे, शाबूत असते. म्हणून माल थोडा थोडा पाठवायचा. दिवसाला तीन जेवणांऐवजी सहा-सात वेळा वाटीभर खायचे. प्रत्येक घास बारीक चावायचा. जेवताना फार पाणी प्यायचे नाही, मध्ये प्यायचे. गोड एकदम खाल्ले तर अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होतात. कधी दोन-तीन तासांनी साखर उतरून हातपाय कापतात. म्हणून चहात साखर कमी आणि अंडे, डाळ, मासे जास्त. जेवून लगेच आडवे होऊ नये. झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवावी. वजन कमी होतेच. काही महिन्यांनी ते एका जागी टिकते.

एक गोष्ट घरच्यांनी लिहून भिंतीला लावावी. जठर नसले की अन्नातले बी-12 जीवनसत्त्व अंगी लागत नाही. त्यासाठी जन्मभर ठरावीक मुदतीने इंजेक्शन घ्यावे लागते. शरीरातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे बंद केले तरी आरंभी काहीच जाणवत नाही. मग एक दिवस पाय बधिर होतात, तोल जातो. लोहही तपासत राहावे. तात्यांच्या काकींनी कॅलेंडरवर इंजेक्शनच्या तारखेभोवती निळा गोल काढला आहे. त्या शाळा शिकलेल्या नाहीत, पण एक तारीख चुकलेली नाही.

"ऑपरेशन नाही" म्हटले तर

शेजारच्या वस्तीतील एका मावशींना डॉक्टरांनी ऑपरेशन नाकारले. मुलगा माझ्यापुढे रडला. "आम्ही गरीब, आम्ही अमक्या वस्तीतले, म्हणून नाकारलं का हो?" हा संशय आपल्या मनात का येतो, हे मी कोणाला समजावून सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. म्हणून मी स्वतः जाऊन विचारले. रोग यकृतात आणि पोटाच्या आवरणावर पसरला होता. अशा वेळी जठर काढून आयुष्य वाढत नाही, हे जपान, कोरिया आणि सिंगापूर येथील रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने 2016 साली दाखवले. उलट ऑपरेशनमुळे अंगातली ताकद जाते आणि किमो सोसत नाही.

ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाही, असे नव्हे. मावशींच्या अन्ननलिकेत जाळीची नळी बसवली. त्यांना पेज, मऊ भात उतरू लागला. किमोने काही महिने बरे गेले. दुखणे वाढले तेव्हा मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. शेवटी त्या घरीच, नातवंडांत गेल्या. मुलाला आजही वाटते की आपण आईला वाचवले नाही. मी त्याला सांगतो, भगवान बुद्धांनी आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाबरोबर स्वतःच्या हातांनी धुतले होते. रोग बरा होणे आपल्या हाती नसते, तेव्हाही सेवा आपल्या हाती असते. ती तू केलीस.

असा संशय आला तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. रोग कोणत्या टप्प्यात आहे, ऑपरेशन का नाही, हे विचारा. कागद घेऊन दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाचे मत घ्या. तो आपला हक्क आहे.

पैसा आणि कागद

महाराष्ट्र शासनाची 2012 साली सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. तीत कॅन्सरची ऑपरेशने आणि किमो बसतात. 2024 पासून कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधील आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच भेटा. उपचाराला मंजुरी आधी घ्यावी लागते. आधी पैसे भरून मागाहून परत मिळतील, अशी ही योजना नाही. इथेच आपले लोक फसतात. रेशनकार्डावर रुग्णाचे नाव आहे का, आधारवर तसेच लिहिले आहे का, हे आज, निरोगी असतानाच पाहून ठेवा.

धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वेची सवलत आहे. सर्व रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एकाच फाईलमध्ये लावा. बायोप्सीचे काचेचे तुकडे आणि मेणाचे ठोकळे हॉस्पिटलकडे मागून जपून ठेवा. दुसऱ्या ठिकाणी गेलात तर पुन्हा तुकडा काढण्याचा त्रास वाचतो.

विहार समित्यांना एक विनंती आहे. जयंतीच्या जमाखर्चात एक ओळ आजारी माणसासाठी ठेवा. आमच्या विहाराने रक्त देणाऱ्या तरुणांची यादी, योजनेच्या हॉस्पिटलांचे पत्ते आणि खिडक्यांपुढे उभे राहू शकणाऱ्या चार माणसांची नावे एका वहीत लिहून ठेवली आहेत. अशा वहीला खर्च काही येत नाही.

त्या ताईचे काय झाले, ते सांगायचे राहिले. तात्यांनी तिला आपल्या पोटावरचा टाका दाखवला आणि म्हणाले, "भ्यायचं तर मी ज्या अडीच महिन्यांत गोळ्या खात बसलो, त्याला भ्या." तिच्या नवऱ्याचे किमोचे पहिले चक्र झाले आहे. तीन चक्रे बाकी आहेत, मग ऑपरेशन. पुढे काय होईल ते कोणीच सांगू शकत नाही. पण आता घरात वाद नाही. रक्त द्यायला आपली पाच पोरे तयार आहेत.

आपल्या घरात कोणाचा घास अडकत असेल, तर हा अंक मिटण्याआधी त्याला विचारा, कधीपासून?

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!